चौसष्ट विहिरींचा तक्ता

चौथा अर्ज लिहायला बसताना राजानंद सरांनी पहिल्या तिन्ही अर्जांच्या प्रती बायकोच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "चुलीत घाल."

ते तिन्ही अर्ज गावानं मिळून लिहिले होते. काळी आई, लेकराबाळांचे तळतळाट, काय नव्हतं त्यात! पण दारूचा कारखाना येणार तो येणारच होता. ओढ्याकाठी आठ बोअर पाडून तो रोज दहा लाख लिटर पाणी उपसणार. मग गावच्या विहिरी आटणार, मोसंबीच्या बागा जळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. साहेबलोकांना तेवढं कळत नव्हतं.

"रडून कुणी ऐकत न्हाई," सर म्हणाले. "आता नुसतं गणित मांडतो. हे असं आहे, म्हणून ते तसं होणार. बस्स."

"आधी गुडघे बघा तुमचे," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, हेच करून राह्यले."

खरंच होतं ते. सर थकले होते. छत्तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेला माणूस, बांधाबांधानं कुठं हिंडणार? मग अंगणवाडीच्या रूपालीनं ते काम अंगावर घेतलं. घरोघर जाऊन विचारायचं, विहिरीला पाणी किती, कुठवर पुरतं, आणि तक्त्यात भरायचं. पोर गुणाची. आठ दिवसांत चौसष्ट विहिरींचा तक्ता आणून दिला.

तो सरांनी दोनदा वाचला. एकसष्ट विहिरी दिवाळीलाच कोरड्या! उरलेल्या तिनांत एक त्यांची स्वतःची. तिला अजून पाणी होतं, पण ती ओढ्याला लागून, तिची गोष्ट वेगळी. शेजारच्या काकासाहेबांची विहीरही तक्त्यात कोरडी, पण त्यांची मोसंबीची बाग रस्त्यावरून हिरवीगार दिसायची. टँकर विकत आणून जगवत असतील बिचारे, सरांना वाटलं. एवढे हाल चाललेत आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना लाजच वाटली.

चार दिवस खपून त्यांनी अर्ज लिहिला. एकसष्ट विहिरी आजच कोरड्या. म्हणजे जमिनीत पाणी नाही. जिथं गावालाच पाणी नाही, तिथं पाणी उपसणारा कारखाना नको. एकही शब्द फालतू नाही.

जनसुनावणी शाळेच्या मैदानात झाली. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, असा अर्ज मी आजवर पाहिला नाही. याला म्हणतात मुद्दा!"

तीन वर्षांत पहिल्यांदा सरांची पाठ ताठ झाली.

"हे आकडे बरोबर आहेत का?" साहेबांनी मांडवाला विचारलं.

"बराबर! बिलकुल बराबर!" सगळं गाव ओरडलं. काकासाहेबांनी तर दोन्ही हात वर केले.

"आम्हालाही मान्य," कारखान्याचा माणूस म्हणाला.

मांडवात टाळ्या पडल्या. साहेबांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"आता तुमची हरकत अशी, की कारखान्यामुळं विहिरी आटतील. पण तुमच्याच आकड्यांवरून त्या आधीच आटल्यात. कारखाना सहाशे फुटांखालचं पाणी घेणार. कोरड्या विहिरीतून तो काय नेणार? हरकत निकाली. पुढचा विषय घ्या."

सर उभे राहिले, अर्जाची प्रत पुन्हा एकदा वाचली आणि खाली बसले. गणितात चूक नव्हती. एखाद्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

"जाऊ द्या, काकासाहेब," ते शेजारी बघून म्हणाले. "विहिरी कोरड्या पडल्यात हे काय खोटं हाये? खऱ्यापुढं आपण काय करणार?"

काकासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मुंडासं नीट केलं, इकडंतिकडं पाहिलं आणि सरांच्या कानाशी तोंड नेलं.

"सर, माझ्या हिरीत चार परस, चार माणसं बुडतील येवढं पाणी हाये. समद्यांच्याच हाये. पोरगी कागद घेऊन दारात आल्ती, आमाला वाटलं सरकारी टँकरचा सर्वे हाये. सर्वेवाल्याला कोण पाणी हाये म्हणून सांगतंय?"