तिसऱ्या बाकावरची वही

चर्चचे नवे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, की तिसऱ्या बाकावरच्या शिंपीणबाई वही उघडायच्या आणि शेवटपर्यंत भराभर लिहायच्या. शेजारी बसलेले त्यांचे यजमान त्या वहीत डोकावत असायचे. पाळकसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांना कायम करायचं की नाही, हे मंडळीची कमिटी पुढच्या महिन्यात ठरवणार होती.

"बाई माझ्या चुका टिपतेय," ते घरी म्हणाले.

"चोराच्या मनात चांदणं," पाळकीणबाई हसल्या.

तेव्हापासून ते अख्खा उपदेश तोंडपाठ करू लागले. कागदातून डोकं वर काढल्याशिवाय त्या वहीवर नजर कशी ठेवणार?

चौथ्या रविवारी शिंपीणबाई वही न घेताच आल्या.  उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना दारातच विचारलं, "काय बाई, झाली वाटतं यादी पूर्ण?"

"कसली यादी, साहेब? यांना ऐकू येत नाही, म्हणून मी तुमचा उपदेश लिहून दाखवायचे."

"मग आज वही का नाही आणली?"

"आता तुम्ही सारखे आमच्याकडेच बघून बोलता, तर यांना तुमच्या ओठांवरून सगळं कळतं!"