हिवरखेडचा सांगावा

उत्तमराव पाटील जानरावच्या दारात उभे होते. आजवर जानरावच त्यांच्या अंगणाबाहेर उभा राहत आला होता.

"आजच्या दिवस हिवरखेडले जा," पाटील म्हणाले. "माह्या बहिणीले, चतुराले सांगून ये, देवीदास गेला म्हणून."

गावात कोणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचा, दाराबाहेरूनच सांगायचा आणि परतायचं. जानरावच्या घराण्याच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. गेल्या दसऱ्याला नागपूरला धम्म घेतला आणि त्यांनी ते सोडलं. त्यावरूनच पाटलांचं घर फुटलं. थोरले उत्तमराव म्हणत, गावकीची कामं त्यांना करावीच लागतील. अमरावतीला शिकलेला धाकटा देवीदास म्हणे, ही गुलामीच आहे. याच गुलामीपायी अमेरिकेत भाऊ भावावर उठला, आणि आपल्या पणज्यानं त्या लढाईत कापूस महाग विकून ही शेतं घेतली, असं तो तोंडावर सांगायचा. बघता बघता गावाचे दोन तट पडले. आज सकाळी खळ्यावर काठ्या चालल्या. देवीदासच्या डोक्यात कोणाची काठी बसली ते गर्दीत कोणाला कळलं नाही. उत्तमरावांना कळलं होतं.

"देवीदासभाऊ माह्यापायी मेले, पाटील," जानराव म्हणाला. "आता म्या गेलो, त ते काहून मेले?"

घर फिरलं की वासेही फिरतात. उत्तमरावांच्या बाजूचे पोलिसांच्या धाकानं पांगले होते, देवीदासच्या बाजूचे त्यांचं तोंड बघत नव्हते. पाटील एकटेच निघाले.

भर दुपार होती. वारा पडलेला. ओळखीची माणसं समोरून आली आणि रामराम न घालता वाटेतून बाजूला झाली. पाटलांना भीती वाटत होती ती बहिणीची. आई गेल्यावर देवीदासला तिनंच कडेवर वाढवलं होतं. जानरावला कोणी 'कसा मेला' म्हणून विचारत नसे. चतुरा मात्र आपल्याला विचारणार.

तिच्या अंगणाबाहेरच ते थांबले. आतून तळणाचा वास येत होता. पायरीशी पाय धुवायला पाणी आधीच काढून ठेवलं होतं.

चतुराबाई हसतच बाहेर आली.

"ये दादा. तू येऊन राहिला हे देवीदासनं मंगाशीच सांगतलं. लय म्हटलं त्याले, पन आत नाही आला. बाहेरूनच बोलला न गेला. म्हने, आमचं भांडन मिटलं."