काळ्या फडक्याखालचा रेडिओ

रामिरो गेला आणि गावच्या रिवाजाप्रमाणे घरात वर्षभराचा दुखवटा सुरू झाला. ओतिलियाच्या अंगावर काळे कपडे आले, रेडिओवर काळं फडकं.

पण दुपारी सासूबाई, दोन्या मेर्से, जपमाळ घेऊन चर्चला निघाल्या की ती दार लावून घ्यायची. अगदी बारीक आवाजात बचाताचं एखादं नाचगाणं लावायची आणि अनवाणी, एकटीच नाचायची. मग फडकं जसंच्या तसं घालून नवऱ्याच्या फोटोपुढे मान खाली घालायची. "आजचं शेवटचं हं, रामिरो."

रोज शेवटचंच.

सातव्या महिन्यात सेल संपले. दुकानात मागायची सोय नव्हती. विधवेला सेल कशाला हवेत, हे गावाला कुणी सांगायला नको होतं. बरंच झालं, तिला वाटलं, देवानंच कान उपटले.

दुसऱ्या दुपारी सवयीनं बटण फिरवलं, तर गाणं लागलं! दचकून तिनं मागे पाहिलं. परसदारात सासूबाई उभ्या.

"सेल मीच बदललेत," फोटोकडे न बघता त्या म्हणाल्या.


"आवाज तेवढा वाढव, पोरी. रोज मागच्या भिंतीला कान लावून बसते, पण धड ऐकूच येत नाही."