लोहाराचं मत

निकाल लागल्यापासून हॅलमसाहेबांना चैन नव्हतं. पार्लमेंटची निवडणूक ते दोन मतांनी हरले होते. रस्त्यात भेटेल तो अदबीनं टोपी काढून सांगे, "माझं मत तुम्हालाच होतं, साहेब." मग पाडलं कुणी?

न राहवून ते लोहाराकडे गेले. पूर्वी मत भरचौकात ओरडून सांगावं लागे. मागच्या निवडणुकीत लोहारानं हॅलम यांचं नाव घेतलं आणि आठवड्यात जमीनदारानं त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून साहेब गुप्त मतदानासाठी इरेला पेटले होते. यंदा पहिल्यांदाच चिठ्ठ्या पेटीत पडल्या होत्या.

"तू तरी खरं सांग. मत कुणाला दिलंस?"

लोहाराचा हातोडा थांबला. "साहेब, आता ते सांगायची सक्ती नाही ना?"

"नाही," हॅलम पुटपुटले.

"मग नाही सांगत."

ऐरणीवर पुन्हा घाव पडू लागले. लोहाराची टोपी डोक्यावरच होती.