डोंगरावरच्या चौघी

चौथा फोटो आला आणि डॉ. मृणालिनी प्रधान यांचा चहा तसाच राहिला.

"अहो, हे बघा. पुन्हा तेच मनगट!"

दादरच्या घरात बसून त्या एका डोंगरातल्या आरोग्य केंद्राचे पेशंट मोबाइलवर बघत. तिथे जायला डॉक्टर तयार नव्हता. होती ती एकटी प्रिती सिस्टर. ती फोटो पाठवायची, बाई औषध सांगायच्या. ओळख काय ती फोनवरच्या आवाजापुरती.

एकीला संध्याकाळचा ताप, दुसरीचं वजन उतरलेलं, तिसरीला खोकला. आता चौथीच्या मानेवर गाठ. नावं चार, पण प्रत्येक फोटोत हातावर तेच गोंदण. तीन ठिपके, मधला भाजून पुसट झालेला.

"तुला सगळीकडे चोरच दिसतात," वसंतराव म्हणाले.

बाईंनी फोन लावलाच. "सिस्टर, हिला व्हिडिओवर आणा."

"रेंज नाही, मॅडम. आणि बाया लाजतात."

"आणि सगळ्यांचं गोंदण एकच कसं?"

"इकडं सगळ्याच गोंदून घेतात." मग प्रितीनेच विचारलं, "गाठ साधीच असेल ना, मॅडम?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? मुंबईला पाठवा तिला."

"तिला नाही जमायचं, मॅडम."

बाईंचं डोकं तडकलं. पेशंटचा आकडा फुगवायला एकाच बाईला चार नावं लावायची आणि आपल्याला मामा बनवायचं!

"जरा दमानं घे," वसंतराव म्हणाले. "आधीची सिस्टर आजारी पडून काम सोडून गेली, तेव्हा वर्षभर कुलूप होतं तिथे. बाळंतिणींना झोळीतून खाली आणायचे, तूच सांगत होतीस."

"म्हणून खोटेपणा खपवून घ्यायचा?"

त्यांनी केंद्र चालवणाऱ्या संस्थेला कळवून टाकलं, पेशंट बोगस आहेत. केंद्र बंद झालं. बाईंना वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं काही वाटलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी बेल वाजली. दारात एक वाळकी पोर उभी होती. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"मी प्रिती, मॅडम. संस्थेत किल्ली देऊन आले. आता मोकळीच आहे."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, पण आवाजातली अढी काही गेली नाही.

"आणि तुझी ती चार नावांची बाई? तिला नाही आणलंस?"

"आणलीय, मॅडम." प्रितीने ग्लास उचलला. बाही मागे सरकली, तीन ठिपके दिसले, मधला पुसट, आणि दुसऱ्या हाताने तिने मानेवरची ओढणी सोडली.