मुलामा

जावयाला जुनी बनावट नाणी जमवायचा भारी नाद. जेवणं आटोपल्यावर सासूबाईंच्या गळ्यातलं चांदीचं नाणं भिंगाखाली धरून तो आनंदानं ओरडला, “आई, हे तर खोटं! पूर्वीच्या ठगांनी पाडलेलं. आत तांबं, वर मुलामा. संग्राहक असल्या नाण्यांवर जीव टाकतात. खऱ्यापेक्षा जास्त किंमत येईल!” कुणीच हसलं नाही. बायकोनं मान खाली घालून ताटं उचलली. सासूबाई नाण्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, “माझ्या लग्नात बाबांनी सुतारकामाची हत्यारं विकून घेतलं होतं. म्हणजे त्यांना कुणीतरी फसवलं.” जावयाचे कान तापले. ठगांच्या हुशारीचे किस्से तो रंगवून सांगे. ती नाणी कुणाच्या गळ्यात मारली गेली, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. “माझं चुकलं, आई. नाणं खरं आहे,” तो पुटपुटला. “असू दे, जावईबापू. तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”