काच पुसून घे

“दिसतंय गं, छान दिसतंय,” आई म्हणाली.

लेकीने दिवा अजून लावलाच नव्हता.

प्रयोगशाळेचे सर तोंडावर हात धरून हसले. लेक हसली नाही. तिला हीच भीती होती. आईला जन्मात कधी काही वाईट दिसलं नव्हतं. करपलेली भाजी खमंग असायची, तोकडा झालेला फ्रॉक ऐटबाज. हल्ली चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडायचा, तर म्हणे, बशीतला लवकर निवतो. अशा बाईच्या ‘दिसतंय’वर विसंबायचं कसं?

आणि विसंबल्यावाचून चालणार नव्हतं. मोतीबिंदू काढता येईल, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. पण मागचा पडदा मधोमध निकामी झाला असेल, तर काढून उपयोग नाही. आणि मोतीबिंदू आड येतोय, तोवर पडद्याचं नक्की सांगता येत नाही.

तेव्हा लेक म्हणाली होती, “मी बघते.”

तिचं कामच ते. ‘प्रकाशाचं ध्रुवीकरण’ हे नाव आईच्या तोंडात बसत नसे. “आमची उजेड विंचरते,” ती सगळ्यांना सांगे. तेही खोटं नव्हतं. साधा उजेड चहूअंगांनी थरथरत येतो. लेकीच्या काचेतून गेला, की एकाच रेघेत थरथरतो. असा विंचरलेला निळा उजेड गोल फिरवत ठेवला, तर ज्याच्या पडद्याचा मध्य शाबूत, त्याला त्या निळ्यात काहीतरी दिसतं. काय दिसतं, ते आईला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं, तर आईने ते डोळे मिटूनही पाहिलं असतं.

“आई, आता खरंच लावते. हनुवटी इथे टेकव, डोळा या नळीला लाव. असेल ते सांग, नसेल तर नाही म्हण. मला वाईट वाटणार नाही.”

“बरं बाई.”

नळीत निळा उजेड भरला. लेक बाजूची मूठ फिरवू लागली, आतली काच संथ फिरू लागली.

“काय दिसतं?”

“निळं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं.”

“आणखी?”

आईने नळीवरचा डोळा बारीक केला. मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाली, “आणखी काही नाही. अगदी स्वच्छ. डागबिग काही नाही हो, साहेब.”

दुसरा डोळा लावला. तोही तसाच. सरांनी दिवा थोडा मोठा केला. “लख्ख!” आई म्हणाली.

लेकीचा हात मुठीवर तसाच फिरत राहिला. बाकी सगळी ती थांबली होती. सरांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पाणी आणतो म्हणून ते बाहेर गेले.

दार लागताच आईने नळीवरचा डोळा न काढता तिची बाही ओढली.

“चिमे, गेले का ते?”

“कोण?”

“तुझे साहेब. आधी ही काच पुसून घे. मघापासून मध्ये पिवळं काहीतरी चिकटलंय. त्यांच्यासमोर कशी बोलू? म्हणतील, पोरगी एवढी शिकली आणि काच पुसता येत नाही.”

“पिवळं? कसं पिवळं?”

“फिकट आहे. दोन्ही टोकांना पसरलेलं, मध्ये चिमटलेलं. लहानपणी तुझ्या वेणीला रिबिनीचं फूल बांधायचे ना, तसं. बरं, डागाने एका जागी तरी राहावं! जिकडे बघते तिकडे पुढ्यात हजर. शिवाय गरगर फिरतंय.”

“कुठल्या बाजूने?”

“घड्याळासारखं.”

लेकीने न सांगता मूठ उलटी फिरवली.

“अगं अगं अगं,” आई ओरडली, “हे उलटं निघालं!”

सर पाण्याचा पेला घेऊन आत आले, तर लेक आईच्या पाठीवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, कळेना. “सर, उलटं निघालं! दोन्ही डोळ्यांना आहे का गं, आई? सांग ना!”

“दोन्हीला आहे मेलं,” आई कुजबुजली. मग सरांची चाहूल लागून ओशाळली. “तशी काच स्वच्छच आहे हो, साहेब. एवढंसंच आहे.”

“काच स्वच्छच आहे, आजी,” सर म्हणाले.

“तो डाग काचेवर नाही, आई. तुझ्या डोळ्यांत आहे. चांगल्या डोळ्यांत असतोच. पडदा शाबूत असेल, तरच तो असा दिसतो.”

“म्हणजे मोतीबिंदू काढायचा?”

“काढायचा!”

आईने परत डोळा लावला, आता कुणी न सांगता. एक हात हवेत वर धरला आणि बोटाने दाखवू लागली. लेक मूठ इकडे फिरवी, बोट इकडे फिरे; लेक तिकडे फिरवी, बोट तिकडे फिरे. तपासणी केव्हाच संपली होती. फिरवता फिरवता लेकीला समोरचं काही दिसेना, तेव्हा तिने मूठ सोडली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.

फिरायचं थांबलं, की ते पिवळं थोड्याच वेळात विरतं.

“अगं, चाललं, चाललं! थांबलीस का? फिरव ना!”

सरांनी पेला खाली ठेवला आणि मूठ हातात घेतली. हवेतलं बोट पुन्हा गोल फिरू लागलं.